उभ्या कारचं दार अचानक उघडतं, तेव्हा सायकल कुठून चालवायची?

कोथरूड_ते_डेक्कन: तीन महिने झाले, रोज सायकलने ऑफिसला जाते. मंगळवारी कर्वे रोडवर उभ्या कारचं दार एकदम उघडलं. मी उजवीकडे वळवली, मागून रिक्षा येत होती. रिक्षावाल्याने कचकन ब्रेक मारला म्हणून वाचले. आईला अजून सांगितलेलं नाही. सगळे म्हणतात, अगदी डावीकडून चालव. पण डावीकडेच तर गाड्या उभ्या असतात!

जुना_सायकलस्वार: ताई, मी 1978 पासून पुण्यात सायकल चालवतो. उभ्या गाड्यांपासून निदान एक मीटर लांब राहा. दार पूर्ण उघडलं तरी लागायला नको. दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत शिरू नका. परत बाहेर येता तेव्हा मागच्याला तुम्ही अचानक उगवल्यासारख्या वाटता. गाडीचे दिवे नुकतेच विझले असतील, आत डोकं दिसत असेल, तर वेग कमी करा.

आणि चौकात बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या अंगाने पुढे घुसू नका, कितीही जागा दिसली तरी. वळताना त्यांची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. माझा एक सोबती असाच गेला. म्हणून आवर्जून सांगतोय.

उत्रेख्तकर: इकडे नेदरलँड्समध्ये गाडीचं दार लांबच्या हाताने उघडायला शिकवतात. भारतात ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे डाव्या हाताने. तसं केलं की अंग आपोआप वळतं आणि मागचा रस्ता दिसतो. ब्रिटनने 2022 मध्ये हे आपल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमपुस्तकात घातलं. पण खरा फरक इकडच्या चौकांमुळे पडतो. कोपऱ्यावर एक छोटं बेट असतं. वळणाऱ्या गाडीला त्याला वळसा घालावा लागतो, त्यामुळे वेग मंदावतो. सायकलींची वाट चौकापासून साधारण एक गाडी मावेल इतकी मागे रस्ता ओलांडते, म्हणून सायकलवाला ड्रायव्हरला बाजूच्या आरशात शोधावा लागत नाही, थेट समोर दिसतो. आपल्याकडे सायकलींसाठी रंगवलेला पट्टा नेमका चौकाच्या तोंडाशी संपतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कोथरूड_ते_डेक्कन: काका, आज एक मीटर सोडून चालवली. मागून खूप हॉर्न वाजले.

जुना_सायकलस्वार: वाजू द्या. हॉर्न देणाऱ्याला तुम्ही दिसलेल्या असता. बाजूला व्हायचं तर आधी मागे बघा, हात दाखवा, मग सरका.

कोथरूड_ते_डेक्कन: बरं. बाबांकडून संध्याकाळी डाव्या हाताने दार उघडून घेतलं. ते दोनदा विसरले. उद्या परत आठवण करून देते.