मदत हवी आहे: सेल्फ चेकआउटवर सुट्या मालाचा बारकोड

खानापुरात आमचं किराणा सुपरमार्केट आहे. गिऱ्हाइकाने स्वतः स्कॅन करून यूपीआयने पैसे द्यायचं एक काउंटर लावतोय. 'अ‍ॅमेझॉन गो' या बिनकॅशियरच्या दुकानांसारखे कॅमेरे-सेन्सर नकोत, ते आपल्या आवाक्यातलं नाही.

पाकीटबंद माल नीट स्कॅन होतो. अडतंय ते सुट्या तांदूळ-डाळीपाशी. काट्याच्या लेबलवर २ ने सुरू होणारा १३ अंकी बारकोड येतो. मालाचा कोड आणि वजन त्यातच असतं. सॉफ्टवेअर मात्र सगळा आकडा एकच वस्तू धरून 'आयटम नाही' म्हणतं. स्कॅनर बदलला, काट्याची सेटिंग बदलली, तेच. विक्रेता म्हणतो नवा काटा घ्या (म्हणणारच!).

नेट जातं, त्यामुळे ऑफलाइन बिल व्हायला हवं. स्क्रीन कन्नड-मराठी दोन्हींत हवी. बेळगाव-निपाणीकडे कुणी जुन्याच काट्यावर हे जमवलंय का? कोणतं सॉफ्टवेअर हा बारकोड फोडून वाचतं?