नवी एसएसडी, विंडोज ११ आणि हरवलेली ओईएम की

प्रश्न: लॅपटॉपसोबत विंडोज ११ होम आलं होतं. आता कोरी एसएसडी (डेटा साठवणारी ड्राइव्ह) लावतोय, पण मागच्या स्टिकरवर ओईएम की, म्हणजे लॅपटॉप कंपनीने दिलेली विंडोजची प्रॉडक्ट की, छापलेलीच नाही. कुठून आणायची?

उत्तर १: आणायची गरज नाही. विंडोज ८ पासून कंपन्या ही की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डाच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) भरतात. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर सेटअप बनवा. इन्स्टॉलर की आपोआप वाचतो, नेट जोडलं की अ‍ॅक्टिव्हेशन होतं.

उत्तर २: फक्त एडिशन होमच ठेवा. प्रो टाकलंत तर ही की चालणार नाही, आणि विकतच्या स्वस्त कीच्या नादी कृपया लागू नका. इंटेल मशीनवर एसएसडी इन्स्टॉलरच्या यादीत दिसली नाही, तर बहुधा व्हीएमडी (इंटेलची ड्राइव्ह हाताळणारी सोय) चालू असतं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा आरएसटी (इंटेलचा स्टोरेज) ड्रायव्हर पेनड्राइव्हवर एक्स्ट्रॅक्ट करून ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या.