इंदूर-मुंबई दर आठवड्याला, विमानाचा महिन्याचा पास मिळतो का कुठे?

पिथमपूरवाला:
नमस्कार मंडळी, मी इंदूरजवळ पिथमपूरला एका प्लांटमधे आहे, हेड ऑफिस मुंबईला, आणि नवीन साहेब आल्यापासून त्यांना दर आठवड्याला समोरासमोर मीटिंग पाहिजे असते. म्हणजे सोमवारी सकाळचं विमान, मंगळवारी रात्री परत. कंपनी प्रवासाचे महिन्याला ठराविक पैसे देते, वरचं ज्याचं त्याने बघायचं, आणि लगनसराई किंवा दिवाळी आली की ते पैसे पंधरवड्यातच उडतात. बाहेर म्हणे महिन्याचे पैसे भरा आणि हवं तेवढं उडा अशी स्कीम असते. आपल्याकडे असं काही आहे का, कोणी वापरलंय का? रेल्वेने जा असं कृपया सांगू नका.

सराफ्यातला निशाचर:
भिया, बाहेरच्या स्कीमा नीट वाच आधी. युरोपात विझ एअरने 2024 च्या ऑगस्टमधे काढली, वर्षाचे सुरुवातीला 499 युरो, नंतर 599. ऐकायला भारी, पण दर उड्डाणाला 9.99 युरो वेगळे, बॅग फक्त सीटखाली मावेल तेवढी, आणि मुख्य म्हणजे बुकिंग विमान निघायच्या फक्त 72 तास आधी उघडतं. जायला सीट मिळाली म्हणून यायला मिळेलच असं काही नाही. अमेरिकेत फ्रंटियरचा गो वाइल्ड पास आहे, त्यात देशातलं तिकीट साधारण आदल्या दिवशी काढायचं. म्हणजे जे विकलं गेलं नाही ते तुम्हाला. ज्याला उठून कुठेही जायचंय त्याला मजा आहे, तुझा सोमवार ठरलेला आहे, तुला काय उपयोग? सोमवारी सकाळी मुंबईच्या विमानात उरणार काय आहे.

लोकमान्यनगरची ताई:
बरोबर बोललात. मी बरीच वर्षं ट्रॅव्हल डेस्क सांभाळला म्हणून सांगते, विमानात एकाच रांगेत बसलेल्यांनी वेगवेगळं भाडं भरलेलं असतं, स्वस्त सीटा ठरावीक असतात आणि त्या आधी संपतात, मग जो ऑफिसच्या कामाला शेवटच्या दोन-चार दिवसांत तिकीट काढतो त्याच्याकडूनच विमान कंपनी खरे पैसे कमावते. ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही! तुम्हाला पास देऊन ती स्वतःची कमाई का घालवेल? पास म्हणजे मेसच्या कूपनासारखं असतं, पैसे भरून जेवायला न येणाऱ्यांवर मेसवाला जगतो, आणि तुम्ही तर रोज पानावर बसणारे.

अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मधे अडीच लाख डॉलरमधे जन्मभराचा पास विकला होता, फर्स्ट क्लास, अमर्याद. लोक खरोखर इतके उडाले की कंपनीला ते झेपेना, 1994 मधे अमर्याद पास विकणं बंद केलं आणि नंतर काही जणांचे पास तर गैरवापराचं कारण देऊन रद्द केले, प्रकरणं कोर्टात गेली.

तुमच्या कामाचा त्यातल्या त्यात जवळचा प्रकार अलास्का एअरलाइन्सने 2022 मधे काढलेला फ्लाइट पास. वर्षाला 6, 12 किंवा 24 फेऱ्या, पैसे दर महिन्याला, वर टॅक्स वेगळा, आणि स्वस्त प्लॅनमधे बुकिंग किमान 14 दिवस आधी. पण तो तिकडच्या पश्चिम किनाऱ्यापुरता. इंदूरहून असलं काही विकणारी कंपनी माझ्या पाहण्यात नाही.

पिथमपूरवाला:
ताई, मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? माइल्सबिइल्स, म्हणजे विमान प्रवासाचे ते पॉइंट, गोळा करायचे का?

लोकमान्यनगरची ताई:
करा ना, इंडिगोचा ब्लूचिप आहे, एअर इंडियाचा महाराजा क्लब आहे, फुकट आहेत, नाव घालून ठेवा. पण माझं विचाराल तर तुमचा खरा घोटाळा त्या ठराविक पैशांत आहे. तुम्ही स्वतःच्या नावाने तिकीट काढता म्हणजे कंपनीचा जीएसटी नंबर तिकिटावर लागत नाही, मग इकॉनॉमी तिकिटावरच्या 5 टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे तेवढा टॅक्स स्वतःच्या टॅक्समधून वजा करणं, कंपनीला जमत नाही. विमान कंपन्या ऑफिसांना कॉर्पोरेट भाडं देतात, त्यात तारीख बदलायचा आणि रद्द करायचा खर्च बराच कमी पडतो, लहान कंपन्यांसाठीही तसले प्रकार आहेत. एचआरला नाही, अकाउंट्सवाल्यांना गाठा, क्रेडिटचा आकडा त्यांना लगेच समजतो. कॉर्पोरेट भाडं लागू झालं की पुढच्या दीड महिन्याचे सोमवार आत्ताच बुक करायचे, साहेबाने मीटिंग हलवली तर तारीख बदलायची. मधे भाडं वाढलेलं असेल तर फरक भरावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

रविवारचे पोहे:
रेल्वे नको म्हणालात तरी सांगतोच 😀 रविवारी संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेसमधे बसलं की सकाळी बोरिवली, नाहीतर मुंबई सेंट्रल. आणि ती मनमाड-इंदूर लाइन, 309 किलोमीटर, 18,036 कोटी, 2024 च्या सप्टेंबरमधे कॅबिनेटने मंजूर केलीय. ती झाली की बघा.

सराफ्यातला निशाचर:
काका, ती होईपर्यंत भियाचा साहेब रिटायर होईल.

पिथमपूरवाला:
🙏 अवंतिकेत गेलो तर रविवार गेला ना काका, पोरं घरात घेणार नाहीत. ताई, जीएसटीचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्या अकाउंट्समधे विचारतो. एक राहिलं, मीटिंग बुधवारी करून घेतली तर भाड्यात फरक पडेल का?

लोकमान्यनगरची ताई:
बऱ्याचदा पडतो. त्याच महिन्याचे सोमवार आणि बुधवार शेजारी ठेवून स्क्रीनशॉट काढा आणि साहेबाला न पाठवता साहेबाच्या पीएला पाठवा.