हाय लाईनला आईबाबांना न्यायचंय, सुरुवात कुठून करू?

एडिसनकर
नमस्कार मंडळी, आईबाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आलेत, ऑक्टोबर अखेरपर्यंत आमच्याकडे आहेत. टाइम्स स्क्वेअर, लिबर्टी सगळं दाखवून झालं पण बाबांचं मन काही रमेना. अख्खी नोकरी मध्य रेल्वेत पी-वेला, म्हणजे रुळांच्या देखभालीत केलीय, रूळ न खडी यातच ३४ वर्षं गेली, म्हणून परवा सहज बोललो की मॅनहॅटनमध्ये मालगाडीच्या जुन्या पुलावर हाय लाईन नावाची बाग केलीय, तेव्हापासून रोज विचारतात कधी जायचं. अडचण आईच्या गुडघ्यांची. जिने अजिबात नकोत आणि सलग पंधरा मिनिटांच्या वर चालवत नाही. लिफ्ट, बसायला जागा, बाथरूम याची काय सोय आहे? आणि मुख्य म्हणजे रूळ खरंच शिल्लक आहेत की नुसती फुलझाडं? बाबांचा हिरमोड व्हायला नको.

चेल्सीची_ताई
गान्सवूर्ट स्ट्रीटच्या, म्हणजे दक्षिणेच्या टोकापासून सुरू करा, तिथे लिफ्ट आहे. बाथरूम १६व्या स्ट्रीटला. तिथेच जवळ चेल्सी मार्केट आहे, म्हणजे जुना बिस्किटांचा कारखाना, ओरिओ पहिल्यांदा १९१२ मध्ये तिथेच झालं, आई थकल्या तर खाली जाऊन चहाकॉफी होईल. तिकीट वगैरे काही नाही, फुकट आहे. शनिवार-रविवार मात्र जाऊच नका, दुपारी नुसती मुंगीच्या पावलाने रांग चालते.

रूळवेडा
ताईंचं बरोबर आहे पण या बाबांसाठी मी उलटं सांगेन, उत्तरेकडून सुरू करा. एडिसनहून गाडीने पेन स्टेशनला उतरलात की मॉयनिहान हॉलमधून नववा अ‍ॅव्हेन्यू ओलांडा, पलीकडच्या चौकातून २०२३ ला झालेला पादचारी पूल थेट हाय लाईनवर नेतो, त्यात मोठा लाकडी पूल आहे, तो बाबांना नक्की दाखवा. जिने चढावे लागत नाहीत. मग ३०व्या स्ट्रीटपासून नदीकडे वळा. तिथे लाईन एका चालू यार्डाला वळसा घालते, खाली लाँग आयलंडच्या लोकल रांगेने उभ्या असतात, आणि या भागात जुने रूळ जागेवर आहेत, काही ठिकाणी दोन रुळांच्या मधून चालता येतं. गाड्या बंद झाल्यावर जे गवत आपोआप उगवलं होतं तेही इथे बरंचसं तसंच ठेवलंय.

बाकीच्या भागात काम करताना रूळ उचलले, प्रत्येकावर नंबर टाकला आणि बरेचसे परत आपापल्या जागी आणून बसवले, मधे झाडं लावली. पी-वेच्या माणसाला हे वाचून बरं वाटेल म्हणून मुद्दाम लिहितोय.

त्यांना आधी हेही सांगा की १९३४ ला हा पूल व्हायच्या आधी मालगाड्या खाली रस्त्यावरूनच जायच्या, इतकी माणसं मेली की दहाव्या अ‍ॅव्हेन्यूला लोक डेथ अ‍ॅव्हेन्यू म्हणायचे. इंजिनाच्या पुढे घोड्यावर माणूस, हातात लाल झेंडी, लोकांना बाजूला करत जायचा. म्हणून लाईन ३० फूट वर उचलली, गाडी थेट कारखान्यांच्या वरच्या मजल्यात शिरायची. मग ट्रक आले, धंदा गेला, १९८० ला शेवटची गाडी गेली तीन वॅगन फ्रोझन टर्की घेऊन. पूल पाडायचाच ठरत होता, १९९९ मध्ये शेजारच्या दोघांनी संस्था काढून तो वाचवला, पहिला भाग २००९ ला उघडला.

चेल्सीची_ताई
हे पटलं, उत्तरेकडूनच जा. एक मात्र मनात येतंच, बाग झाली आणि आजूबाजूची भाडी इतकी वाढली की आमच्या गल्लीतली जुनी दुकानं, गॅरेजं सगळी गेली, अगदी खेटून सरकारी वसाहत आहे तिथल्या लोकांना सुरुवातीला वर यावंसंही वाटायचं नाही. सुंदर आहे, मी रोज जाते, पण हे विसरवत नाही. आणि ऑक्टोबरात गवतं सोनेरी झालेली असतात, अ‍ॅस्टर फुललेले, सुकलेली बोंडंसुद्धा मुद्दाम न कापता ठेवतात, आईंना आवडेल.

एडिसनकर
मंगळवारी सकाळी जाऊन आलो, सगळ्यांचे मनापासून आभार. यार्डाच्या कठड्याशी बाबा पाऊण तास उभे होते, खाली एक रेक हलला तर हात वर करून मला थांब म्हणाले, मग सांधा, म्हणजे गाडी रूळ बदलते ती जागा, कुठे आहे ते बोटाने दाखवलं. आई बाकावर बसली होती, बाके भरपूर आहेत, गुडघ्यांची काही तक्रार झाली नाही. घोडेवाल्या झेंडीचं सांगितलं तेव्हा बाबांनी कसाऱ्याच्या पावसातल्या रात्रीच्या गस्तीचं सांगायला सुरुवात केली, हातात कंदील, रूळ धरून ठेवणारी एकेक की (खिट्टी) तपासत जायचं, दरडीचा आवाज ऐकत. आई म्हणाली हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही, मी समजायचे रात्रपाळी म्हणजे ऑफिसात बसणं.

२३व्या स्ट्रीटच्या लिफ्टने खाली उतरलो. तिथून गान्सवूर्टपर्यंतचा भाग राहिलाय, पुढच्या मंगळवारी परत जातोय.