‘सापडलेली’ प्रतिमा की ‘हाती लागलेली’?

भाची जुन्या नाशकातल्या एका वाड्यात प्रकाश-सावलीचं काहीतरी मांडते आहे. बंद पडलेल्या स्टुडिओतल्या लग्नाच्या निगेटिव्ह तिने भंगारवाल्याकडून किलोवर आणल्या, दोऱ्याने तुळईला टांगल्या आणि मागून बॅटरीचा झोत सोडला. झोत हलला की नवरी कोनाड्यावरून सरकत जिन्यापर्यंत जाते. हातात धरून बघितलं तर दात काळे, केस पांढरे! आता प्रदर्शनाच्या पत्रिकेत ‘फाउंड इमेजेस’ला, म्हणजे दुसऱ्या कुणी काढलेल्या नि आयत्या मिळालेल्या चित्रांना, मराठीत काय लिहायचं? मी ‘सापडलेल्या प्रतिमा’ म्हटलं, तर ती म्हणे, पंचनामा वाटतो.

ताई, भाचीचं बरोबर आहे. सापडतं ते आधी हरवलेलं, नाहीतर लपवलेलं असतं. गवसतं ते शोधणाऱ्याला. इथे कुणी शोधतच नव्हतं, तेव्हा ‘हाती लागलेल्या’. अमेरिकन कलाकार जोसेफ कॉर्नेलने १९३६ मध्ये ‘ईस्ट ऑफ बोर्निओ’ या आधीच्या बोलपटाची रिळं कापून हवी तशी जोडली आणि निळ्या काचेतून दाखवली. ही चाल तिकडे जुनीच. ‘टाकाऊ’ मात्र नको, लगेच शाळेतलं ‘टाकाऊतून टिकाऊ’ आठवतं. आणि ‘उचललेल्या’ म्हटलं तर पंचनामा खरंच होईल.

सावलीचंही बघा. सावलीत आपण बसतो, भिंतीवर बघतो ती पडछाया. ‘छाया’ घातली की छत्रछाया, कृपाछाया असं वजन येतं. तिच्या कामाला पडछाया चपखल.

वाडा आहे तर कवडसा का सोडता? कौलातलं बारीक भोक वेडंवाकडं असलं तरी खाली अंधारात पडणारा कवडसा गोलच दिसतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा. खंडग्रास सूर्यग्रहणात तोच चंद्रकोरीसारखा होतो. बिनभांडवली प्रोजेक्टर!

मॅजिक लँटर्नला, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याच्या झोताने पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला, आपल्याकडे ‘शांबरिक खरोलिका’ म्हणत. १८९० च्या दशकात कल्याणचे महादेव पटवर्धन याच नावाने खेळ करायचे. शांबरी म्हणजे शंबरासुराची माया. शब्द उच्चारताना जीभ अडखळते, पण ‘जादूचा कंदील’पेक्षा मला तो आवडतो. फाळके त्र्यंबकचे, त्यामुळे नाशिककरांनी तरी असले शब्द अडगळीत टाकू नयेत.

खरोलिका पत्रिकेत नको हो, छापणारा दहा वेळा फोन करेल. ‘पडछाया, कवडसे आणि हाती लागलेल्या प्रतिमा’ ठरलं. भाची विचारते, त्या नवरीला कळलं तर ती काय म्हणेल? तिच्या लेखी तर हरवलेल्याच ना? आणि ‘मांडणशिल्प’ (इन्स्टॉलेशन) हा शब्द जोडून लिहायचा की तोडून?

जोडून.