महासागर ओलांडायला दोनपैकी कोणती शिडाची बोट?

वारा_पश्चिम: दोघांनीच अटलांटिक पूर्वेकडून पश्चिमेला ओलांडायचा आहे, व्यापारी वाऱ्यांच्या वाटेने. एक बोट ३६ फुटी, नव्या घडणीची: रुंदी १२ फूट, वजन १२,५०० पौंड, बोल्टने जोडलेली खोल कील (बोटीच्या तळाखालचा जड उभा भाग), सुकाणू नुसत्या दांड्यावर लटकणारं. दुसरी ३५ फुटी, जुनी: रुंदी ११ फूट, वजन १६,००० पौंड, लांब कील, सुकाणू कीललाच जोडलेलं. पहिली वेगवान आणि आत ऐसपैस. निवड कशावरून करावी?

लाटेवरचा: आधी आकडेमोड करा. पौंडातल्या वजनाला ६४ ने भागा, त्याचं घनमूळ काढा आणि रुंदीच्या फुटांना त्याने भागा. उत्तर २ च्या आत हवं. पहिलीचं २.०७ येतं, दुसरीचं १.७५. रुंद, हलकी बोट लाटेच्या तडाख्याने लवकर उलटते आणि उलटल्यावर तशीच तरंगत राहू शकते. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतल्या वादळानंतर हे सूत्र पुढे आलं. पण वजन नेमकं कुठे आहे ते या सूत्राला कळत नाही. डोलकाठीच्या टोकाला शिसं बांधलं तरी उत्तर सुधारतं. म्हणून दोन्हींचा स्थिरतेचा आलेख मागवा. १२० अंश कलंडूनही बोट आपणहून सरळ होत असेल तर निर्धास्त पुढे जा.

डेक_ठोक: जुनी घेणार असाल तर चेनप्लेट आधी. डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना अडकवतात त्या डेकमधून आत जातात. तिथे पाणी मुरतं, हवा पोचत नाही, आणि बाहेरून चकचकीत दिसणारं स्टेनलेस स्टील आतून तडकतं. निदान एक तरी काढून बघाच. तारा दहा वर्षांपेक्षा जुन्या असतील किंवा कधी बदलल्या त्याचा कागद नसेल, तर नव्या तारांचा खर्च धरूनच भाव करा. डेकवर प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जा. बद्द आवाज आला तर डेकच्या थरांमधल्या बाल्सात (हलक्या लाकडात) पाणी शिरलं असण्याची दाट शक्यता.

नवी घ्यायची तर ती कधी तळाला आपटली होती का, हे विचारा. कीलच्या मागच्या टोकापाशी, आतल्या चौकटीच्या सांध्यावर बारीक भेगा शोधा. २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' ही शिडाची बोट अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि चौघे गेले. आधीच्या आपटण्याने आणि दुरुस्त्यांनी सांधा कमजोर झाला असावा, असं तपासात निघालं.

वारा_पश्चिम: आणि सामानाचं वजन?

लाटेवरचा: त्यावरच खरा फरक पडतो. माणशी रोज ४ लिटर पाणी, २५ दिवस, दोघांचं २०० लिटर. वर निम्मं राखीव, म्हणजे ३०० किलो. ते दोन वेगळ्या टाक्यांत ठेवा, एक गळली तरी दुसरी राहते. अन्न, डिझेल, नांगराची साखळी, सुटे भाग धरले की टनभर सहज होतं. हलकी बोट एवढ्याने खाली बसते आणि तिचा वेग जातो. जड बोटीला ते फारसं जाणवत नाही. दोघांसाठी मी दुसरीच घेईन आणि वाचलेल्या पैशात वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र बसवेन. त्याला वीज लागत नाही, आणि पहाऱ्यावरच्या माणसाला तासन्‌तास सुकाणू धरून बसावं लागत नाही.

डेक_ठोक: मागे ते यंत्र पेलेल अशी भक्कम जागा आहे का, हे सौद्याआधी मोजून घ्या.