लाल दोरी गळ्यात, तरी फोटो लिंक्डइनवर

रानमांजर
गेल्या महिन्यात पुण्यात सॉफ्टवेअरवाल्यांच्या एका परिषदेला गेले होते. नोंदणीच्या टेबलावर बॅजची दोरी निवडायची होती. हिरवी म्हणजे खुशाल फोटो काढा, पिवळी म्हणजे आधी विचारा, लाल म्हणजे नको. मी लाल उचलली. टेबलावरच्या मुलाने विचारलंच, "का हो मॅडम, काही प्रॉब्लेम?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आयोजकांच्या पानावर माझा फोटो. तोंडात अर्धा वडापाव आणि गळ्यात ती लाल दोरी, अगदी फोकसमध्ये! खाली कुणीतरी मला टॅगही करून ठेवलेलं. मेल केला तर उत्तर आलं, "फोटो छान आलाय की. तरी हटवायचा असेल तर कारण कळवा."

अहो, कारण सांगत बसावं लागू नये म्हणूनच तर लाल दोरी घेतली ना? कुणाला घरचा त्रास असतो, कुणी नोकरी बदलायच्या विचारात असतं, कुणाला नुसतंच आवडत नाही. तुमचं काय मत?

चहाबाज
ताई, राग मानू नका, पण चारशे माणसांत जायचं आणि फोटो नको म्हणायचं, हे लग्नाला जाऊन व्हिडिओवाल्यावर डाफरण्यासारखं झालं. मी दोन वर्षं असा कार्यक्रम भरवलाय. प्रायोजक पैसे देतो ते भरलेला हॉल बघून, आणि तिकीट तुम्हाला परवडतं ते त्याच्यामुळे. पुढच्या वर्षी त्याला काय दाखवू, रिकाम्या खुर्च्या? शिवाय तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं, आवारात आलात म्हणजे फोटोला होकार.

वकीलबाई
@चहाबाज, मग दोऱ्या वाटता कशाला? अटींत होकार आणि गळ्यात नकार, दोन्ही तुम्हीच छापलेलं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळी, विशिष्ट, माहिती देऊन घेतलेली आणि बिनशर्त हवी, आणि ती मागेही घेता येते. नियम २०२५च्या नोव्हेंबरात आले, कलमं टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत, ते असो. पण 'तिकीट काढलं म्हणजे होकार' हे यातल्या 'बिनशर्त'मध्ये बसवून दाखवा.

रिकामटेकडा
घोळ मराठीतच आहे. 'माझा फोटो काढा' असं लिहिलंत तर ते आणखी एक काढतील.

फोकसपंत
असले कार्यक्रम शूट करून पोट भरतो, म्हणून लिहितो. दोरी दिसते असं समजू नका. ओढणीखाली जाते, सॅकच्या पट्ट्याखाली जाते. स्टेजचा जांभळा लाइट पडला की लाल आणि तपकिरी एकच. एकदा तर प्रायोजकाचाच रंग लाल, त्यामुळे सगळे स्वयंसेवक लाल दोरीत! आणि लाल-हिरवं न ओळखता येणारी माणसंही असतात, त्यांचा विचार कुणी केलेला नसतो. दोरीवर ठळक फुली तरी छापा.

पण खरी चूक क्लिक करताना होत नाही. दिवसाला दीड-दोन हजार फ्रेम होतात आणि जेवणाच्या सुट्टीआधी पन्नास फोटो सोशल मीडियावाल्या पोराच्या हातात हवे असतात. तो पोस्टाच्या तिकिटाएवढे थंबनेल बघून भराभर टिक मारतो. दोरी तिथे सुटते. एका आयोजकाने डावीकडच्या चार रांगा 'कॅमेरा नाही' म्हणून राखल्या होत्या, मी तिकडे लेन्स वळवलीच नाही. डोक्याचा निम्मा ताप गेला.

वडापावला मात्र माफी नाही. तोंडात घास असलेला फोटो दोरी हिरवी असली तरी द्यायचा नसतो.

चहाबाज
चार रांगा मान्य. पण उद्या तुम्हीच म्हणाल, आम्हाला कोपऱ्यात बसवलं.

रानमांजर
म्हणेनच. मला पुढे बसून प्रश्न विचारायचे असतात.

हॅम्बुर्गकर
इथे जर्मनीत केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या वार्षिक संमेलनाला हजारो माणसं येतात, आणि फ्रेममध्ये येणाऱ्याला विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही असा दंडक आहे. पहिल्या वर्षी मी सवयीने मोबाइल वर उचलला, तर शेजारच्याने न बोलता त्याच्यापुढे तळहात धरला. १९८४पासून कार्यक्रम चालूच आहे.

अवांतर: जर्मनीतला फोटोचा कायदा १९०७चा. १८९८मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क वारला तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री खोलीत घुसून मृतदेहाचा फोटो काढून आले, त्या बोभाट्यातून तो आला. सभा-मिरवणुकीच्या दृश्यांना त्यातही सूट आहे, तेव्हा चहाबाज अगदीच चूक नाहीत.

चहाबाज
आभार. पण ती हॅकरांची जत्रा, त्यांना प्रायोजकाची मर्जी सांभाळायची नसते.

वकीलबाई
गर्दीला सूट म्हणजे टॅग करायला सूट नव्हे.

रानमांजर
ताजी खबर. कारण न देता पुन्हा मेल केला. फोटो हटवला नाही, कापलाय. आता माझं कोपर, वडापाव आणि लाल दोरीचं टोक एवढंच दिसतं. टॅग तसाच आहे.